सांबऱ्याहून बेंगळुरूला : चौदा वर्षांनी पुन्हा विमानात

२०११ च्या जुलै महिन्यात गोव्याहून मुंबईला जाताना आमचे विमान धावपट्टीच्या अगदी जवळ आले, खालच्या घरांवर पावसासाठी टाकलेल्या निळ्या ताडपत्र्या स्पष्ट दिसू लागल्या, आणि त्याच क्षणी इंजिनांचा आवाज एकदम वाढून विमान पुन्हा वर निघाले. पुढची दहा मिनिटे कुणीच काही सांगितले नाही. बाहेर काळे ढग होते, विमान गचके खात होते, आणि मागच्या रांगेतले एक बाळ सारखे रडत होते. दुसऱ्या खेपेला आम्ही सुखरूप उतरलो, कुणाला खरचटलेसुद्धा नाही. पण ती दहा मिनिटे माझ्या अंगात बसली आणि त्यानंतर मी विमानात पाऊल ठेवले नाही.

दिल्लीच्या लग्नाला मी गोवा एक्स्प्रेसने दोन रात्री काढून गेले. बेंगळुरूला मुलीकडे जायचे तर रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस ठरलेली होती, त्यामुळे कधी अडले नाही. यंदा मात्र मुलीला दिवस राहिले, पाचव्या महिन्यातच डॉक्टरांनी तिला विश्रांती सांगितली, आणि ऐन वेळी बोलावणे आले तर बेळगावहून रात्रीच्या गाडीची वाट पाहत बसणे मला परवडणारे नव्हते. म्हणून जानेवारीतल्या बाळंतपणाआधी ऑक्टोबरच्या अखेरीस एकदा विमानाने जाऊन यायचे, म्हणजे गरज पडेल तेव्हा पाय अडखळणार नाहीत, असे मी ठरवले.

तयारी तीन महिने आधी सुरू केली होती. आमच्या घरच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून देण्याऐवजी एका समुपदेशक बाईंकडे पाठवले आणि त्यांनी भीतीच्या पायऱ्या पाडून दिल्या: आधी विमानाच्या आवाजाची ध्वनिफीत घरी बसून ऐकायची, मग विमानतळाच्या बाहेर जाऊन उभे राहायचे, मग आत जायचे, आणि प्रत्येक पायरीवर छातीतली धडधड ओसरेपर्यंत तिथेच थांबायचे, पळायचे नाही. धडधड ओसरण्याआधी पळ काढला की भीती खरी होती असेच मनाला वाटत राहते, हे त्यांचे म्हणणे मला पटले. ज्यांना जवळपास असे कुणी भेटत नाही त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलून पाहावे. आपल्या भाषेत बोलता येते.

पहिला दिवस : उद्यमबाग आणि सांबरा

प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी मी भावाच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे चार लेथ, दोन ड्रिलिंग मशीन आणि तेलाचा वास. बेळगावच्या फाउंड्रीतून ओतून आलेले जॉब, म्हणजे धातूचे कच्चे भाग, तो घासूनपुसून मापात आणून देतो. त्याचा मुलगा, माझा भाचा, हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात कामाला आहे, आणि महामार्गावरून कोल्हापूरकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला पाहत जाणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांना ठाऊक नसते की तिथे विमानांचे सुटे भाग तयार होतात आणि परदेशी कंपन्यांकडे जातात. त्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती. कारखान्याच्या आत बाहेरच्या माणसाला नेता येत नाही, म्हणून त्याने वडिलांच्याच टेबलावर मला काय ते समजावले.

त्याने मायक्रोमीटर घेतला, माझ्या वेणीतला एक पांढरा केस मागून घेतला आणि तो दोन जबड्यांमध्ये धरून शेवटची कळ फिरवली. टक, टक, टक असा बारीक आवाज आला आणि कळ मोकळी फिरू लागली. "आत्या, हे बघ की," तो म्हणाला, "सत्तर मायक्रॉन. म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले सत्तर. आमच्याकडं काही जॉबना दहा-पंधराच्या वर फरक चालत नाही बघ." मी तो केस दिव्यापुढे धरून पाहिला. त्याच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शावरून तयार भाग बाद होतो ही गोष्ट आकड्यांनी कळली असती, पण केस बोटात धरल्यावर ती निराळी कळली.

त्याहून जास्त माझ्या मनात राहिली ती त्याने सहज सांगितलेली दुसरी गोष्ट. मागे एकदा एका पेटीतले सगळे भाग मापाला अचूक उतरले होते, परंतु एका भागावर कोरलेला क्रमांक आणि सोबतच्या कागदावरचा क्रमांक जुळत नव्हता. धातूचा तो तुकडा कोणत्या भट्टीतून आला, कुणी कापला, कुणी तपासला ही साखळी तिथे तुटत होती. भाग बाजूला काढून ठेवण्यात आला. "माप बरोबर होतं, कागद बरोबर नव्हता," भाचा म्हणाला. तीस वर्षे मराठी शाळेत हजेरीपट सांभाळलेल्या बाईला यापेक्षा मोठा दिलासा दुसरा कोणता देता आला असता?

दुपारी शेजारचे काका मला सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळाकडे, घेऊन गेले. ते हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि तरुणपणी त्यांचे प्रशिक्षण सांबऱ्याच्याच तळावर झाले होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ही धावपट्टी बांधली गेली. आज आपण वापरतो ती प्रवासी इमारत सप्टेंबर २०१७ मधली आहे. गावातून शहराला जोडणाऱ्या रस्त्यालगत, कुंपणापासून अंतर राखून, आम्ही एका टपरीवर चहा घेत थांबलो. पाऊस नुकताच हटला होता, भाताची कापणी तोंडावर आली होती आणि बांधावर बगळे होते.

काकांना मी मुंबईची हकीकत सांगितली. ती त्यांनी मध्ये न बोलता ऐकली आणि मग म्हणाले, "तो पायलट तुमचा सगळ्यात चांगला पायलट होता. धावपट्टी नीट दिसली नसेल, किंवा पुढचं विमान वेळेत बाजूला झालं नसेल, किंवा वारा बदलला असेल. उतरायचा हट्ट न धरता परत वर जायचं, हे त्याला पहिल्यापासून शिकवलेलं असतं, आणि त्याचा सराव तो सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा करतो." चौदा वर्षे ज्याला मी अपघात टळला असे समजत होते, ते नेमाने शिकवले जाणारे काम होते. माझ्या डोळ्यांत पाणी आले. काकांनी दुसऱ्या चहाची खूण केली आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर आवाजांचा क्रम लिहून दिला: कोणता आवाज कधी येतो, आणि त्याचा अर्थ काय.

विमान ठरवताना पुढील गोष्टी मला उपयोगी पडल्या. शक्य तो सकाळचे विमान घ्यावे, कारण ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून हवा वर येते, दुपारनंतर ढग जमतात आणि गचके वाढतात. जागा पंखाजवळची मागावी, तिथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. मात्र पंख्याच्या छोट्या विमानात त्याच बाजूला आवाज जास्त असतो, तेव्हा ज्याला आवाजाचा त्रास आहे त्याने मागची जागा घ्यावी. निघण्यापूर्वी कडक कॉफी टाळावी. आणि हवाईसुंदरीला आत शिरताशिरताच सांगावे की मला भीती वाटते. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा दिवस : बेळगाव ते बेंगळुरू

सकाळी यजमान मला सोडायला आले. सामानाची तपासणी, रांग, प्रतीक्षा हे सगळे सुरळीत झाले. लेकीसाठी घेतलेला कुंदा मी हातातल्या पिशवीत ठेवला आणि लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत दिली.

विमान एटीआर जातीचे होते: दोन्ही बाजूंना दोन-दोन जागा, पंख डोक्यावर, आणि चढायचे मागच्या दाराने. उजव्या बाजूचे इंजिन सुरू होते, पण त्याचा पंखा स्तब्ध होता. एरवी हे पाहून मी परत फिरले असते. वहीत काकांनी लिहिले होते की या विमानात जमिनीवर असताना एका इंजिनाचा पंखा ब्रेकने धरून ठेवतात आणि ते इंजिन फक्त विजेसाठी व थंड हवेसाठी चालवतात. ते वाक्य डोळ्यांपुढे होते म्हणून मी जिना चढले. पायऱ्या सहाच असतील, पण चौथ्या पायरीवर माझे तळहात ओले झाले होते.

माझ्या शेजारी बैलहोंगलची एक अज्जी आली. हिरव्या इरकली साडीत, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, कारण बेंगळुरूच्या नातवाला तिथली चटणी लागत नाही. नातवाने तिकीट काढून पाठवले होते आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसत होती. पट्टा कसा लावायचा हे मी तिला दाखवले. दुसऱ्या इंजिनाचा पंखा फिरू लागला तशी तिने माझे मनगट धरले.

"यव्वा, याक हिंग अळ्ळाडतैति?" तिने विचारले. अगं बाई, हे असे का हलते आहे?

मी वही उघडली आणि कन्नडमध्ये तिला सांगू लागले. आता आपण रस्त्यावरून बैलगाडीसारखे धक्के खात जाणार, कारण चाके लहान आहेत. आता दोन्ही पंखे जोरात फिरतील आणि पाठ खुर्चीला टेकेल. आता चाके सुटतील. चाके पोटात जाताना खाली धप्प असा आवाज होईल, तो झाला की समजायचे, चाके आत गेली. आवाज झाला. अज्जीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

यानंतरचा आवाज सगळ्यात कठीण होता, आणि काकांनी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. उड्डाणासाठी लागणारा पूर्ण जोर काही वेळाने कमी करतात, पंख्यांचा वेग उतरतो, आणि आत बसलेल्याला वाटते की इंजिन बंद पडले. मी अज्जीला म्हणाले, "आता आवाज कमी होईल, आपण खाली चाललो असे वाटेल, पण आपण वरच चाललेलो असू." म्हणता म्हणता आवाज उतरला. माझ्या पोटात गोळा आला, तळपाय खुर्चीखाली ताठ झाले. परंतु त्याच वेळी मी दुसऱ्या कुणाला तरी धीर देत होते आणि माझा आवाज कापत नव्हता. शाळेत नव्या वर्गावर पहिल्या दिवशी उभी राहायचे तेव्हा असेच व्हायचे: मुलांना सांगता सांगता स्वतःला धडा नीट कळायचा.

"होदा?" अज्जी म्हणाली. खरे का? मी तिला खिडकीतून दाखवले. बेळगाव भागातली तांबडी माती मागे पडत होती आणि पूर्वेकडची काळी जमीन सुरू होत होती, मध्येच उसाचे हिरवे तुकडे, आणि वळणाचा एक ओढा ऊन पडल्यामुळे चमकत होता.

धारवाड मागे पडल्यावर थोडे हादरे बसले. तेव्हा मी श्वास चार अंक मोजून आत घेतला, सहा अंक मोजून सोडला आणि प्रत्येक श्वासागणिक एकोणतीसच्या पाढ्याचा एक टप्पा म्हटला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. सोपा पाढा घेऊ नये, तो तोंडपाठ असतो आणि मन मोकळे राहून पुन्हा भीतीकडे जाते. श्वास बाहेर सोडण्याचा वेळ आत घेण्यापेक्षा जास्त ठेवला की छाती सैल होते, हे मी त्या दिवशी अंगावर अनुभवले.

पुढे ढगांच्या फटीतून एका मोठ्या नदीचे पात्र दिसले, ती तुंगभद्रा असावी, आणि चित्रदुर्गाच्या बाजूच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा. अज्जी तोवर झोपली होती. तिचा हात माझ्या मनगटावरच होता. मी तो काढला नाही. उतरताना चाक पोटातून बाहेर येताना मी खिडकीतून प्रत्यक्ष पाहिले: आधी झाकण उघडले, मग काळे चाक हळूच बाहेर येऊन थबकले. पंख वरच्या बाजूला असलेल्या विमानाचा हा फायदा आहे, योग्य खिडकी मिळाली तर हे स्पष्ट दिसते, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची भीती कानांनी ऐकलेल्या गोष्टीपेक्षा कमी असते.

सामान येईपर्यंत अज्जीचा नातू बाहेर दिसला. तिने पिशवीतली चटणीची पुडी काढून माझ्या हातात कोंबली. त्या मुलाने माझा फोन नंबर घेतला.

विमानतळ देवनहळ्ळीला आहे आणि शहर तिथून लांब पडते. टॅक्सी महाग वाटत असेल तर वायुवज्र बस चांगली आहे, सामान ठेवायला तीत जागा असते. मात्र संध्याकाळच्या गर्दीत दीड-दोन तास हाताशी धरावेत.

तिसरा दिवस : वस्तुसंग्रहालय

मुलगी विश्रांती घेत होती, म्हणून जावईबापूंनी मला हिंदुस्तान एअरोनॉटिक्सच्या वारसा केंद्रात नेले. जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर २००१ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय भीती असलेल्या प्रत्येकाने जाऊन पाहावे असे आहे, कारण इथे विमाने उघडी आहेत. इंजिनांच्या दालनात पात्यांच्या रांगांमधून बोट फिरवावे इतके जवळ उभे राहता येते. बाहेर मारुत हे लढाऊ विमान आहे, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेले, आणि १९५१ मध्ये उडालेले एचटी-२, भारतात आरेखित झालेले पहिले प्रशिक्षण विमान. एचटी-२ इतके लहान आहे की पंखावर हात ठेवला तर आपल्या ओसरीवरचा झोपाळा धरल्यासारखे वाटते.

एका फलकापुढे मी बराच वेळ उभी राहिले. डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूत विमानांचा हा कारखाना उभा करणारे उद्योजक वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. म्हैसूर संस्थानाने जागा आणि पैसा दिला. माझ्या भावाच्या उद्यमबागेतल्या लेथपासून हत्तरगीपर्यंत आणि तिथून इथवर हात एकमेकांना लागलेले आहेत, हे तिथे उभे राहून मला जाणवले. ज्या यंत्रात मी बसायला घाबरते ते कुठल्या अनोळखी आकाशातून आलेले नाही.

एक गोष्ट जावईबापूंनी फलक वाचून दाखवल्यावर मी वहीत उतरवली. विमानाचा सांगाडा उड्डाणात अपेक्षित असलेल्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार सोसू शकेल असा बांधावा लागतो. हादऱ्यांमध्ये पंखाचे टोक वर-खाली होते ते त्याला वाकता यावे म्हणूनच.

चौथा दिवस

हा दिवस घरातच गेला. मुलीचे पाय चेपले, तिच्या आवडीची ताकातली कढी केली, संध्याकाळी जयनगरातून तट्टे इडली आणली. रात्री तिने विचारले, "आई, खरंच विमानानं आलीस ना?" आणि मी तिला बोर्डिंग पास दाखवला. तिने तो आपल्या फाईलमध्ये, तपासण्यांच्या कागदांबरोबर ठेवून घेतला.

पाचवा दिवस : परतीचा प्रवास

परतीला दुपारचेच विमान मिळाले, आणि हा निर्णय चुकला हे बेळगाव जवळ येताच कळले. हुबळी-धारवाडच्या वरपासून परतीच्या पावसाचे ढग उभे होते. वैमानिकाने सांगितले की बेळगावला सरी चालू आहेत, थोडा वेळ घिरट्या घालाव्या लागतील. शेजारची जागा रिकामी होती. समजवायला कुणी नव्हते.

हादरे सकाळच्या विमानापेक्षा पुष्कळ मोठे होते. एका गचक्याला पुढच्या माणसाच्या हातातले पाणी सांडले आणि मी मोठ्याने "आई गं" म्हणाले. माझी भीती गेली नव्हती, हे इथे स्वच्छ लिहिते. तळहात, पोट, घसा, सगळे तसेच होते जसे २०११ मध्ये होते. फरक एवढाच होता की या वेळी मला पुढचे ठाऊक होते. मी वही उघडली नाही. एकोणतीसचा पाढा संपला तेव्हा सदतीसचा घेतला. हवाईसुंदरीने पट्टा बांधून समोर बसूनच माझ्याकडे पाहून हात वर केला, कारण चढताना मी तिला सांगून ठेवले होते, आणि ती एक खूण मला दहा मिनिटे पुरली.

दोन घिरट्या झाल्यावर ढगांखाली आलो. भिजलेली तांबडी जमीन, तुरे येऊ लागलेला ऊस, लांबवर सुवर्ण विधानसौधाचा पांढरा डोलारा. झाकण उघडल्याचा आवाज आला, चाक बाहेर येऊन थबकले. धावपट्टी समोर आली तेव्हा मी मनाशी म्हटले की तो परत वर गेला तरी चालेल. तो गेला नाही. चाके टेकली आणि पंखे उलटा जोर लावू लागले तसा मोठा घरघराट झाला.

यजमान छत्री घेऊन उभे होते. घरी पोहोचून पिठले-भात खाल्ला आणि अज्जीने दिलेली चटणी पहिल्यांदा उघडली. लसूण जास्त होता आणि ती फार चांगली होती.

रात्री नऊच्या सुमारास बेंगळुरूहून फोन आला. अज्जीचा नातू होता. अज्जी पुढच्या आठवड्यात बैलहोंगलला परतणार होती आणि नातू सोबत येऊ शकत नव्हता. "अज्जी म्हणते, त्या बाईंनी सांगितलेले आवाज मला लिहून द्या, क्रमाने." मी वही काढली आणि त्याला कन्नडमध्ये सांगत गेले: थांबलेला पंखा, बैलगाडीसारखे धक्के, पाठ टेकणे, धप्प आवाज, मग आवाज उतरणे. ते त्याला दोन रेघा मारून लिहायला सांगितले. मागून अज्जी विचारत होती की शेवटचा कोणता, तो विसरू नको. चाके टेकल्यावर मोठा घरघराट होतो, तो विमान थांबवण्याचा आवाज असतो, असे मी तिला दोनदा सांगितले.